शब्द टाकण्याची किंमत

"साहेब, पोरासाठी जरा शब्द टाका ना." महाराष्ट्रात नोकरी या विषयावर आजवर जी वाक्यं बोलली गेली, त्यात हे वाक्य फार वरच्या नंबरावर असेल. हा वाक्प्रचार मला अतिशय अचूक वाटतो. शब्द टाकायचा असतो, समोरच्याने तो राखायचा असतो आणि कधी कधी तो खालीही पडतो. ज्याच्यासाठी टाकला तो कामचुकार निघाला, तर पुढच्या वेळी टाकणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणजे शब्दाला किंमत असते आणि ती टाकणाऱ्याच्या खिशातून जाते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तिशीच्या जरा अलीकडचा. माझ्या पिढीसाठी शब्द टाकण्याचं काम एका साईटने हातात घेतलं : लिंक्डइन. तुमच्याही फोनमध्ये ती असणारच. आणि तिच्याबद्दलची तक्रारही तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. फीड उघडावं तर सगळेच 'सांगायला अत्यंत आनंद' होत असलेले लोक. कुणी स्वतःच्या साखरपुड्यातून विक्रीकौशल्याचे पाच धडे काढतोय, कुणी नोकरी गेल्याबद्दल कृतज्ञ आहे. एकेका ओळीचा एकेक परिच्छेद. खाली 'अभिनंदन' म्हणणारे शंभर जण, त्यातले नव्वद पोस्ट न वाचता.

'पूर्वी चांगली होती, आता बिघडली' हे आपण कशाबद्दलही म्हणतो, अगदी शाळेबाहेरच्या वडापावबद्दलही. त्यामुळे मला नेमकं हवं होतं : काय बिघडलं, केव्हा आणि कुणाच्या सोयीसाठी? शोधत गेल्यावर एक धागा सापडला. या साईटचा वीस-बावीस वर्षांचा इतिहास म्हणजे शब्द टाकण्याची किंमत उतरत जाण्याचा इतिहास आहे. पण तो समजायला थोडं मागं जावं लागतं, गिरणगावापर्यंत.

जॉबर आणि धोटा

ओळखीतून नोकरी हे इंटरनेटचं देणं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी पक्की रुळलेली होती आणि तिच्या मध्यभागी जॉबर असायचा. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादमासारखा माणूस. कामावर कुणाला घ्यायचं, कुणाला बदलीवर ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं हे बऱ्याच अंशी तोच ठरवायचा. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि कुणाच्या तरी ओळखीने जॉबरसमोर उभा राहायचा. जॉबर त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. पण त्यालाही मोकळं रान नव्हतं. खात्यात माणसं कमी पडली किंवा काम बिघडलं, तर मॅनेजर आधी त्यालाच धरायचा. १९३१ साली व्हिटली आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर बरीच टीका केली, तरी ती लगेच गेली नाही. कारण ती चालत होती.

कुणासाठी चालत होती हा प्रश्न मात्र विचारायला हवा. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळायची, पण दलित कामगारांना तिथं प्रवेश नव्हता. तेव्हाच्या धोट्यात कांडी भरल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो धोटा 'बाटतो' म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. ओळखीचं जाळं भरवशाचं होतं, पण भरवसा जिथं संपायचा तिथं जातीची भिंत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दुसरा रस्ता काढला. १९५९च्या कायद्याने ठराविक आकाराच्या आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक झालं. आपल्या आईवडिलांच्या पिढीत बारावी झाल्या झाल्या तिथं नाव नोंदवून कार्ड घेणं हा जणू संस्कारच होता. १९९७ साली नोकरी डॉट कॉम आली. तीही तत्त्वतः हेच करत होती : जागा इथं, उमेदवार तिथं, बघा जुळतं का. ही दारं सगळ्यांना उघडी होती. पण तिथं तुमच्याबद्दल कुणी शब्द टाकत नव्हतं. तुम्ही म्हणजे एक कार्ड किंवा एक रेझ्युमे.

थोडक्यात, एकीकडे भरवशाचं पण बंद जाळं आणि दुसरीकडे खुलं पण बिनओळखीचं दार. लिंक्डइनचं मूळ आश्वासन असं होतं की दोन्ही एकत्र मिळेल.

दूरची ओळख

हे आश्वासन ज्या कल्पनेवर उभं होतं, ती एका समाजशास्त्रज्ञाची होती. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या तरुण संशोधकाने अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन या शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ जणांचा अभ्यास केला. सगळे व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्यवस्थापकीय कामातले पुरुष. निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळालेली होती. त्यात नवल नव्हतं, गंमत पुढे होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्या काही जणांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून बातमी कळली त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे जेमतेम १७ टक्के होते. सुमारे ५६ टक्के लोक त्या माणसाला अधूनमधून भेटायचे, आणि जवळजवळ २८ टक्के वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी.

म्हणजे नोकरी जिवलग मित्राकडून येत नव्हती. ती यायची जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून, कॉलेजातल्या चेहऱ्यापुरत्या ओळखीकडून. कारण सरळ आहे. जिवलग मित्र आपल्याच कट्ट्यावर बसतो, आपल्याला जे ठाऊक तेच त्याला ठाऊक. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावरचा असतो आणि तिथल्या बातम्या आणतो. या विचाराचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने आधी नाकारला होता. १९७३ साली तो दुसरीकडे छापून आला आणि पुढे समाजशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक ठरला.

दूरच्या ओळखींची अडचण एकच : त्या विसरल्या जातात. कोण कुठं गेलं, आता काय करतं, कळत नाही. हे लक्षात ठेवायला माणसाचं डोकं अपुरं पडतं, डेटाबेस पडत नाही. आपल्या गोष्टीत संगणक येतो तो इथं.

मधल्या माणसाची परवानगी

१९९७ साली अँड्र्यू वाइनरिक याने सिक्सडिग्रीज नावाची साईट काढली. तुमचे ओळखीचे, त्यांचे ओळखीचे, असं जाळं पडद्यावर दाखवणारी ती सुरुवातीची साईट. ती फार टिकली नाही, पण तिचं पेटंट मागे राहिलं. २००३ साली ते लिलावात निघालं तेव्हा दोन तरुण उद्योजकांनी मिळून सात लाख डॉलरना घेतलं. एक मार्क पिंकस आणि दुसरा रीड हॉफमन.

हॉफमन पेपालमधला. २००२ साली ईबेने पेपाल विकत घेतल्यावर त्याच्या हातात पैसा आला आणि वेळही. त्या वर्षाच्या शेवटी त्याने चार साथीदारांबरोबर स्वतःच्या दिवाणखान्यात नव्या कंपनीचं काम सुरू केलं, आणि ५ मे २००३ रोजी लिंक्डइन लोकांसाठी उघडलं. पहिल्या महिन्याअखेर सदस्य होते ४,५००. आज एखाद्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतही याहून जास्त लोक निघतील.

त्या काळातलं लिंक्डइन आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. फीड नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं प्रोफाइलवर फोटोही लावता येत नसे. अनोळखी माणसापर्यंत पोचायचं असेल, तर विनंती लिहायची. ती आधी तुमच्या मित्राकडे जायची. तो वाचायचा, पटली तर पुढे त्याच्या मित्राकडे पाठवायचा, आणि मग ती मूळ माणसाकडे जायची. मधला कुणीही ती थांबवू शकत होता. फुकट खात्यावर अशा विनंत्यांची संख्याही मर्यादित होती.

आणखी एक भारी सोय होती. अनोळखी आमंत्रण आलं तर 'मी या व्यक्तीला ओळखत नाही' असं उत्तर देता यायचं. अशी काही उत्तरं जमली की आमंत्रण पाठवणाऱ्याच्या खात्यावर बंधन यायचं. पुढच्या आमंत्रणासाठी समोरच्याचा ईमेल पत्ता माहीत असल्याचं दाखवावं लागे. इंजिनिअर म्हणून मला यात काय झालंय ते लख्ख दिसतं. कुणीतरी बसून 'शब्द टाकणे' हा व्यवहार कोडमध्ये उतरवला होता. फुकाचा शब्द टाकलास, तर तुझी पत कमी होईल. जॉबरवर मॅनेजरचा होता तसाच हा वचक, फक्त गाव आणि जात मधून काढलेली.

स्वस्ताई

मग हे बदललं का? याचं उत्तर दुष्टपणात शोधू नये, हिशेबात शोधावं.

अशा जाळ्याची किंमत त्यात किती माणसं आहेत यावर ठरते. हजार माणसांचं नेटवर्क कुणी विकत घेत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वाढ हवीच होती. २००४ साली ईमेलमधली पत्त्यांची वही एका झटक्यात चढवायची सोय आली. आता आमंत्रण पाठवायला नाव आठवावंही लागत नव्हतं. पुढे 'तुम्ही यांना ओळखत असाल' ही यादी आली, म्हणजे ओळख आठवून देण्याचं कामही यंत्राकडे गेलं. काही लोकांनी तर उघड जाहीर केलं की आम्ही कुणाचंही आमंत्रण स्वीकारतो. ५००च्या पुढची संख्या प्रोफाइलवर दिसत नाही, नुसतं '५००+' दिसतं. तो आकडा म्हणजे लग्नातल्या अहेराच्या पाकिटांसारखा झाला, आत काय आहे ते कुणी बघत नाही.

दुसरा बदल पैशाचा. २००५ साली पैसे भरून घेण्याच्या सेवा सुरू झाल्या. त्यात ओळख नसलेल्या माणसालाही थेट संदेश पाठवता येऊ लागला. मधला मित्र व्यवहारातून गेला. पैसे कोण भरणार? नोकरी शोधणारा क्वचित, माणसं शोधणारा नेहमी. २०१५ साली कंपनीचं उत्पन्न सुमारे तीन अब्ज डॉलर होतं आणि त्यातले जवळजवळ ६३ टक्के भरतीसाठीच्या सेवांतून आले होते. गिऱ्हाईक रिक्रूटर होता, आपण दुकानातला माल होतो. माल म्हणून आपला फायदाही होत होता, हे मी नाकारत नाही. पण दुकानाची मांडणी कुणाच्या सोयीने होते, ते सांगायला नको.

तिसरा बदल मला सगळ्यात बोलका वाटतो. आधी एखाद्याची शिफारस करायची तर चार वाक्यं लिहावी लागायची. सप्टेंबर २०१२ मध्ये एका क्लिकवर कौशल्याला दुजोरा देण्याची सोय आली. 'अमुक यांना जावा येते का?' साईट स्वतःच विचारायची, आपण हो म्हणायचं. काही महिन्यांत अशा दुजोऱ्यांचा आकडा एक अब्जापर्यंत गेला. एक अब्ज शब्द टाकले गेले आणि त्यातला एकही कुणाला महाग पडला नाही. ज्या काकांनी माझा कोड कधी पाहिला नाही, त्यांनीही माझ्या प्रोग्रॅमिंगला दुजोरा दिला आहे. प्रेमाने दिला, पण त्याचा भरतीला उपयोग काय?

याच काळात एक प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. सदस्याने पत्त्यांची वही चढवली की त्यातल्या लोकांना त्याच्या नावाने आमंत्रण जायचं. उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, मग आणखी एक. सदस्यांचं म्हणणं होतं की आमंत्रणाला आम्ही हो म्हटलं, आमच्या नावाच्या स्मरणपत्रांना नाही. २०१५ साली कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरची तडजोड केली. आपल्या भाषेत सांगायचं, तर यंत्राने न विचारता तुमचा शब्द टाकला होता. तोही तीनदा.

फीडचा कारखाना

२०११च्या मे महिन्यात कंपनी शेअर बाजारात उतरली. ४५ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ९४ डॉलरवर बंद झाला. आता दर तिमाहीला वाढ दाखवायची होती, आणि नोकरी शोधायला माणूस दोन-तीन वर्षांतून एकदाच येतो. त्याला रोज आणायचं कसं? त्याला रोज काहीतरी वाचायला द्यायचं. २०१२ साली रिचर्ड ब्रॅन्सनसारख्या मोठ्या नावांना तिथं लिहायला बसवलं, आणि २०१४ साली लिहिण्याची सोय सगळ्यांसाठी खुली करायला सुरुवात झाली. प्रोफाइल ही भिंतीवरची पाटी होती. आता त्या भिंतीसमोर चोवीस तास सभा सुरू झाली.

या भागाशी माझ्या रोजच्या कामाचा संबंध आहे. कोण काय बघतंय, कशावर क्लिक करतंय, ही सगळी हालचाल त्याच क्षणी इकडून तिकडे वाहून न्यायला लिंक्डइनमध्ये एक प्रणाली लिहिली गेली. नाव काफ्का. ती लिहिणाऱ्या तिघांपैकी एक नेहा नारखेडे, पुण्यात वाढलेल्या आणि पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्या. २०११ साली काफ्का सगळ्यांसाठी खुली झाली, आणि आज बँकांपासून टॅक्सीच्या ॲपपर्यंत कुठंही ती सापडते. २०१९ साली एकट्या लिंक्डइनमध्ये दिवसाला सात लाख कोटी संदेश तिच्यातून जात होते. अतिशय देखणं काम आहे, माझ्या पगारातला काही भाग त्याच्याच जिवावर येतो. पण या नळातून जे वाहतं ते 'हा माणूस कामाचा आहे का' याचं उत्तर नव्हे. ते 'हा माणूस पडद्यावर किती वेळ थांबला' याचं उत्तर आहे. हा आकडा मोजायला सोपा. म्हणून तोच वाढवला गेला.

२०१६ साल निर्णायक होतं. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचा अंदाज कमी निघाल्यावर शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरना कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं, डिसेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला. त्यानंतर पोटापाण्याची ददात नव्हती आणि तोलामोलाचा स्पर्धकही उरला नव्हता. फ्रान्सच्या व्हियाडिओने भारतातली अपनासर्कलही घेतली होती, ती २०१६च्या अखेरीस दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. जर्मनीच्या झिंगने बराच काळ तग धरला, पण २०२३च्या सुरुवातीला तिनेही आपले चर्चागट बंद केले आणि नोकऱ्यांची साईट होणं पसंत केलं. दुसरं दुकानच नसेल, तर वाण्याला तांदूळ निवडून द्यायची गरज पडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लिंक्डइनचे सदस्य एक अब्ज झाले.

तरीही काम करतं

इथवर वाचून 'मग डिलीटच करतो' असं तुम्हाला वाटलं असेल, तर थांबा. सप्टेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. लिंक्डइनने पाच वर्षं, दोन कोटींहून अधिक सदस्यांवर, 'तुम्ही यांना ओळखत असाल' या यादीत फेरफार करून पाहिले होते. काहींना जवळच्या ओळखी जास्त सुचवल्या, काहींना दूरच्या. या काळात सुमारे दोन अब्ज नव्या जोडण्या झाल्या आणि सहा लाख नोकऱ्या लागल्या. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरच्या बाजूने निघाला, एका दुरुस्तीसह : नोकरीला सर्वांत उपयोगी पडते ती मध्यम दूरची ओळख. अगदी अनोळखी नव्हे आणि जिवलगही नव्हे, तुमच्यात थोडेफार सामायिक मित्र असलेली. तंत्रज्ञानावर चालणाऱ्या उद्योगांत दूरच्या ओळखी अधिक कामी आल्या. आपण प्रयोगात आहोत हे सदस्यांना ठाऊक नव्हतं, यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती.

माझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वरचा गोंगाट कितीही असला तरी खालचं जाळं खरंखुरं आहे. आणि ते कुणाला सगळ्यात जास्त लागतं? ज्याच्या घरात पहिलाच इंजिनिअर आहे त्याला. ज्याचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर माळावर आहे, जिथं मोठ्या कंपन्या कॅम्पसला येत नाहीत, त्याला. पुण्या-मुंबईत ज्यांचे मामा-काका आधीच आयटीत आहेत, त्यांना जाळं जन्मतःच मिळतं. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीला पहिली नोकरी अशीच लागली. कॉलेजच्या चार वर्षं पुढच्या, कधीही न भेटलेल्या एका सीनियरला तिने संदेश पाठवला, त्याने तिचं प्रोजेक्ट बघितलं आणि शब्द टाकला. तिच्या गावातून हिंजवडीपर्यंत पोचायचा दुसरा पूल नव्हता.

आता शब्द फुकट झाला

स्वस्ताईचा शेवटचा टप्पा आपल्या डोळ्यांसमोर घडतोय. अर्ज लिहायला, रेझ्युमे जागेबरहुकूम वळवायला, 'आपल्या कार्याने मी प्रभावित झालो' असा संदेश लिहायला आता एआय आहे. २०२२ सालीच स्टॅनफर्डच्या संशोधकांना संगणकाने बनवलेले चेहरे लावलेली हजाराहून अधिक लिंक्डइन खाती सापडली होती. २०२३ साली लिंक्डइनने स्वतःच एआयकडून लेख लिहून घेतले आणि त्यात जाणकारांनी भर घालावी म्हणून सोनेरी बिल्ले वाटले. बिल्ल्यासाठी लोक एआयने लिहिलेल्या लेखात एआयनेच लिहिलेली भर घालू लागले. २०२४ साली ते बिल्ले काढून घ्यावे लागले. २०२५ साली तिथं मिनिटाला सरासरी ११,००० अर्ज पडत होते, वर्षभरात ४५ टक्क्यांहून अधिक वाढ. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत दहा हजारांच्या आसपास अर्ज पडले असतील.

या लोंढ्याचं दुसऱ्या टोकाला काय होतं, ते मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसून बघतो. एका जागेची जाहिरात टाकली की दोन दिवसांत शेकड्यांनी अर्ज येतात, आणि सगळे एकसारखे चांगले. भाषा गुळगुळीत, कौशल्यं जागेला तंतोतंत जुळणारी. त्यातून खरं काय निवडायचं कुणाला कळत नाही. मग कुणीतरी दमून म्हणतं, "जाऊ दे, रेफरल कुठले आहेत ते आधी बघू." आतल्या माणसाने सुचवलेली नावं वर येतात, बाकीचे अर्ज तसेच पडून राहतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, वेळ नसतो इतकंच. माझी काळजी नेमकी ही आहे. फीड वाचवत नाही ही काही शोकांतिका नाही, न वाचता राहता येतं. पण शब्द फुकट झाल्यावर कंपनी पुन्हा महागड्या शब्दाकडे वळते, आणि महागडा शब्द ज्याच्याकडे आधीपासून ओळखी आहेत त्याच्याचकडे असतो. म्हणजे वीस वर्षांचा वळसा घालून आपण परत जॉबरच्या दाराशी. पाटीवर फक्त 'एम्प्लॉयी रेफरल प्रोग्रॅम' असं लिहिलेलं.

पुढे काय

मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट ओळखपत्राची. २०२३पासून भारतात डिजिलॉकर आणि आधारच्या मदतीने लिंक्डइनवर खरेपणाचा शिक्का मिळवता येतो. याने समोर माणूस आहे हे कळतं. तो माणूस कामाचा आहे का, हे कळत नाही. शिवाय नोकरी शोधायलाही आधार, याचा विचार निवांत बसून करायला हवा.

दुसरी वाट छोट्या गटांची. माझ्या क्षेत्रातली खरी बातमी आता एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, महिन्याच्या मीटअपमध्ये फिरते. तिथं दर्जा चांगला असतो, कारण फालतू बोललं तर लोक तोंडावर सांगतात. पण गट जितका घट्ट तितकं त्याचं दार अरुंद. गावकऱ्यांच्या खोलीचाही हाच गुण होता आणि हाच दोष.

तिसरी वाट कामच दाखवण्याची. आम्हा प्रोग्रॅमरांचं यात नशीब बरं. गिटहबवर कोड ठेवता येतो, कुणाच्या प्रकल्पात दुरुस्ती पाठवता येते, आणि ती स्वीकारणारा एका अर्थाने आपल्या कामासाठी शब्द टाकत असतो. पण नर्सने, वेल्डरने, अकाउंटंटने काय दाखवायचं? २०१९ साली सुरू झालेल्या अपना या ॲपने ड्रायव्हर, शिंपी, डिलिव्हरीवाले अशांसाठी व्यवसायानुसार गट बांधायचा प्रयत्न केला. लिंक्डइनही २०२१ साली हिंदीत आलं. प्रयत्न होतायत. पण ज्यांना दूरच्या ओळखीची सर्वाधिक गरज आहे, त्यांचं काम पडद्यावर मावत नाही ही अडचण अजून सुटलेली नाही.

जुन्या लिंक्डइनची नक्कल परत आणावी असं मी म्हणणार नाही. ४,५०० लोकांत जे चाललं, ते एक अब्जात चालणार नाही. पण त्यातला एक नियम घेण्यासारखा आहे : शब्द टाकणाऱ्यालाही काहीतरी मोजावं लागलं पाहिजे. वर्षाला पाचच शिफारशी करता आल्या तर? ज्याची शिफारस केली तो टिकला की नाही, हे शिफारस करणाऱ्याच्या खात्यावर दिसलं तर? हे कोडमध्ये उतरवणं अवघड नाही, मी ते काम करू शकेन. अवघड एवढंच की यामुळे लोक पडद्यावर थांबण्याचा वेळ कमी होईल, आणि त्या आकड्यावर कुणाचा तरी बोनस अवलंबून आहे.

तोवर मी माझ्यापुरता एक नियम पाळतो. अनोळखी ज्युनियरचा रेफरलसाठी संदेश आला की मी लगेच हो म्हणत नाही आणि न वाचता सोडूनही देत नाही. त्याला म्हणतो, तू स्वतः केलेलं एक काम पाठव आणि रविवारी अर्धा तास फोनवर बोलू. बरेच जण तिथंच गळतात. जे उरतात त्यांच्याशी बोलतो, काम पटलं तर माझ्या नावाने शब्द टाकतो आणि वर चार ओळी स्वतः लिहितो, काय पाहिलं आणि काय आवडलं. महिन्याला दोन-तीनच होतात. त्यातले बहुतेक अशा गावांतले असतात, जिथं माझं कुणीच नाही.